नत्थूजीचं वय

“या ना काका, तुमचं जुनं मशीन जित्तं झालं!” रवींद्रनं हाक मारली.

दत्तात्रय चष्मा पुसत पुढे झाले. नागपूरहून आलेल्या या पोरसवदा इंजिनिअरनं टेबलावर ट्रंकेएवढा नवा कॉम्प्युटर मांडला होता. पडद्यावर हिरव्या अक्षरांत तोच प्रश्न उमटला होता, जो सौंसरच्या सातपुडा मिलमधलं कपाटाएवढं यंत्र त्यांना चौदा वर्षं रोज सकाळी विचारत आलं होतं: कार्डं लावली का?

“याले एम्युलेटर म्हणतात. नवं मशीन जुन्याचं सोंग घेते. तुमच्या भोकांच्या कार्डांवरलं कामगारांचं सारं जसंच्या तसं घेतलं, एक अक्षर नव्यानं भरायची गरज नाही.”

“जसंच्या तसं?” दत्तात्रयांनी पुन्हा विचारलं.

चौऱ्याहत्तर साली नत्थूजी या हमालाच्या कार्डावर भोकं पाडताना त्यांचं बोट चारऐवजी तीनवर पडलं. जन्मसाल चाळीसचं तीस झालं. चूक आठवड्यातच कळली होती. पण ‘मशीन चुकत नाही’ असं साऱ्या सौंसरला ऐकवणारे दत्तात्रयच. मॅनेजरपुढे मान खाली कोण घालणार? झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे नवं मशीन येईल, सगळं पुन्हा भरावं लागेल, तेव्हा गुपचूप दुरुस्त करू, असं म्हणता म्हणता अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं.

प्रिंटर कुरकुरला. यंदा अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त होणाऱ्यांच्या यादीत पहिलंच नाव नत्थूजीचं होतं. धडधाकट माणसाची दहा वर्षांची नोकरी त्या एका भोकातून गळून गेली होती.

दत्तात्रय यादी घेऊन तडक मॅनेजर यशवंतरावांकडे गेले. “साहेब, नत्थूजीचं हे वय चूक आहे. चूक माझी आहे.”

“मूळ फॉर्म कुठी आहे?”

“वाळवीनं खाल्ला.”

“मंग? सर्व्हिस बुक मशीनच्या यादीवरूनच बनलं. दर साली नत्थूजीनं त्याच्यावर अंगठा देल्ला. चौदा वर्षं तुम्ही काय करून राहिले होते, दत्तात्रयजी?”

दत्तात्रयांनी यादी उचलली. बाहेर आले तर यादीची बातमी ऐकून आलेला नत्थूजी दारातच उभा. डोक्यावर एक पांढरा केस नाही, खांद्यावर कापसाचे तंतू.

“बाबूजी, म्या खरंच अठ्ठावन्नचा झालो काय?”

“नाही नत्थूजी, तुम्ही अठ्ठेचाळीसचे. मीच चुकलो. जामसांवलीच्या मारुतीची आण घेऊन सांगतो.”

नत्थूजी हसला. “माह्या मनाले बरं वाटावं म्हून म्हनून राहिले तुमी. मशीन कायले लबाड बोलन? तरीच म्हनलं, औंदा गुडघे काहून दुखून राहिले!”

दत्तात्रयांनी पुन्हा शपथ घेतली, पण नत्थूजी रामराम करून निघालाही होता.

फाटकाबाहेरची नाली तो रोज एका उडीत ओलांडत असे. आज तो काठाशी थांबला, खांबाला हात टेकला आणि एकेक पाय जपून पलीकडे ठेवला.