पत्र्यावरचे दगड

सास्तूरच्या भागवतरावांना त्र्याण्णवचा भूकंप तोंडपाठ. दर तीस सप्टेंबरला श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात त्यांचं भाषण ठरलेलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. आणि घरी? पुनर्वसनातल्या घरापुढं पत्र्याची पडवी काढलेली, पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर हे एवढे दगड! अन् बरोबर त्याखाली नातवाचा, छोट्या समर्थचा पाळणा.

सून हर्षाली सांगून सांगून थकली होती.

"अहो, पत्र्यांना हूक मारून घ्या की. दगड कशाला?"

"मारू की, दिवाळीनंतर," नवरा योगीराज मोबाईलमधून मान न काढता म्हणायचा.

"कोणत्या दिवाळीनंतर? गेल्या का पुढच्या?"

सासरे हसायचे. "अगं, सगळ्या गावाच्या पत्र्यावर दगड हायेत. तुझ्याच लेकराला भ्या हाय व्हय?"

यंदाच्या तीस सप्टेंबरला मात्र हर्षालीनं सकाळीच पाळणा सोडला आणि अंगणातल्या कडुलिंबाला बांधला. कार्यक्रमाला निघालेली माणसं थांबून बघू लागली.

"सूनबाई, हा काय तमाशा? लोक काय म्हणतील!"

"म्हणू द्या, मामा. दगड खाली आल्याशिवाय समर्थ त्या पडवीत झोपणार नाही."

भागवतरावांची थोरली बहीण धुरपताबाई त्या दिवसासाठी अणदूरहून आली होती. तिची लेक त्या भूकंपात गेलेली. ती पुढं झाली.

"भागवता, पोरगी खरं बोलतीय."

"अक्का, तू तरी..."

"माझी लेक धरणी हलल्यानं गेली न्हाय रे. धरणी हलली अन् थांबली. लेक गेली ती आपल्या जुन्या घराच्या भिंतीच्या दगडाखाली. ते दगड आपल्याच बापानं मातीत रचले होते. त्याला ठावं नव्हतं. तुला तर ठावं हाय! सालोसाल माईकवर सांगतूस!"

भागवतरावांनी पत्र्यावरच्या दगडांकडं पाहिलं. मग त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"योगीराज, शिडी आण."

"आत्ता? कार्यक्रमाला उशीर..."

"शिडी आण म्हणलं ना! अन् हूक मारणाऱ्याला फोन लाव."

एकेक दगड खाली आला. एक तर दोघांना मिळून उचलावा लागला. तो बघून योगीराजचा चेहरा उतरला. अशा दगडाखाली आपलं लेकरू रोज झोपत होतं!

वाचकहो, भूकंप कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण लेकरांच्या डोक्यावर काय ठेवायचं, हे तर आपल्याच हातात आहे ना? गेलेल्यांना फुलं जरूर वाहा. पण आधी अंगणात येऊन आपल्या छपराकडं बघा. वर दगड दिसले, तर ते आजच उतरवा!