खुणेवरचा लाल ठिपका

सावळीरामने ड्रिल मशीन तिसऱ्यांदा खोललं, तेव्हा मालनबाईला त्या मुक्या मशीनची दया आली. बिचाऱ्याचा काडीचा दोष नव्हता, आणि हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

पाच नग वाया गेले होते. सिन्नरचा गोरक्ष द्राक्षबागेत औषध फवारायच्या ब्लोअरची चकती परत घेऊन आला आणि "काका, भोकं जुळत नाय," एवढंच खाली मान घालून म्हणाला. सावळीरामच्या शेडमधून माल परत यायची ही पहिलीच वेळ. त्याने बेअरिंग बदललं, पट्टा बदलला, शेवटी मशीन म्हातारं झालं म्हणून ते भंगारात घालायची भाषा सुरू केली. बायकोच्या नजरेवर शंका घ्यावी, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? ती नजर हीच त्याची अर्धी कमाई होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी कारखान्यात लोखंडाची तापलेली चिप उडून त्याचा डावा डोळा गेला होता. मग सिडकोतल्या घरामागे पत्र्याची शेड टाकून त्याने जुनं लेथ आणि हे ड्रिल मशीन आणलं. पण एका डोळ्याला अंतर कळत नाही. पंचाने ठोकलेली खूण दिसायची, ड्रिलचं टोक दिसायचं, पण टोक नेमकं खुणेवर आहे की अलीकडे, इथे गाडी अडायची. एका संध्याकाळी मालनबाई शेडच्या दारात मेथी निवडत बसली होती. त्याचे चाललेले हाल तिला बघवेनात. "अहो, नखभर माझ्याकडं घ्या," ती म्हणाली. त्याने घेतलं आणि भोक बरोबर पडलं. मेथी तशीच राहिली आणि मशीनशेजारच्या स्टुलावर मालनबाईची जागा कायमची ठरली.

काय दिवस होते ते! आजूबाजूचे प्लॉट अजून मोकळे होते. छाटणीचा हंगाम आला की तिथे ट्रॅक्टर उभे राहत, आणि शेतकरी काम देण्याआधी विचारत, "काकू घरी हायेत ना?" ती आठ दिवस कळवणला माहेरी गेली की शेड आठ दिवस बंद. शेजारी सावळीरामला चिडवायचे, तो लाजायचा आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. चौथी शिकलेली बाई, पण लोखंडाला कुठे भोक पाडायचं ते तिच्या शब्दावर ठरत होतं. आयुष्यात याहून मोठा मान तिला कुठे मिळाला नव्हता.

आखाजीच्या सणापासून मात्र खूण दिसेनाशी झाली. आधी वाटलं, चष्मा मळलाय. चष्मा पुसून पुसून झिजायची वेळ आली, खूण काही दिसेना. तरी ती स्टुलावर बसत राहिली आणि सवयीच्या अंदाजाने सांगत राहिली.

आता सावळीरामने मशीनची चोरी पकडायचा घाट घातला. ड्रिल नेमकं कुठे उतरेल ते दाखवणारं तयार लेझर उपकरण त्याच्या ऐपतीबाहेरचं, म्हणून मेन रोडवरून मांजर खेळवायचा लेझर आणला. तो फोडला, आतली नळी काढली, लेथवर अॅल्युमिनियमचा तुकडा कातून त्यात बसवली आणि भोवती तीन बारीक स्क्रू लावले. मग ते सगळं लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरून हाताने फिरवलं, तर समोरच्या भिंतीवर लाल ठिपका बांगडीएवढा गोल फिरला. म्हणजे नळी आत वाकडी बसलेली. एक स्क्रू सैल कर, दुसरा आवळ, असं करता करता बांगडीचं नाणं झालं, नाण्याची टिकली झाली. शेवटी चक फिरत होता आणि ठिपका जागचा हलत नव्हता. चष्म्याशिवायही दिसावा इतका ठसठशीत. मालनबाईला तो फार आवडला आणि त्याची तितकीच धास्तीही वाटली.

त्याने लेझर ड्रिल मशीनमध्ये टोकाच्या जागी धरला आणि खाली चकती ठेवली. ठिपका खुणेवर आणायचा, टेबल आवळायचं, लेझर काढून ड्रिल लावायचं. तरी भोक सरकलं तर मशीन उद्याच भंगारात. नाही सरकलं तर... पुढचं त्याला सुचलंच नाही.

"बघ गं, आला का खुणेवर?"

ती वाकली. ठिपका लख्ख दिसत होता. त्याच्याखाली सगळं लोखंड सपाट, करडं. हो म्हणणं सोपं होतं, पाच वेळा म्हणून झालंच होतं. पण तिच्या खोट्यापायी अठ्ठावीस वर्षांचं मशीन भंगारात जाणार होतं, आणि ते काही तिला सोसेना.

"ठिपका दिसतोय," ती म्हणाली. "खूण नाय दिसत मला. आखाजीपासून नाय दिसत. मी अंदाजानं सांगत होते."

सावळीरामने मशीनवर हात ठेवला. एवढे दिवस आपण या गरिबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्याने विचारलं, "मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर इथनं उठावं लागलं असतं."

तो स्वतः वाकला आणि चकती सरकवू लागला. ठिपका आणि खूण, दोन्ही एकाच लोखंडावर. अंतराचा प्रश्नच नव्हता. त्याचा एक डोळा पुरला. ड्रिल लावून त्याने भोक पाडलं, वर जुळवून पाहायला नमुन्याची चकती ठेवली. तंतोतंत. मशीन निर्दोष सुटलं होतं, आणि सावळीरामला आता दुसऱ्या कोणाच्या डोळ्याची गरज उरली नव्हती. मालनबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"कुठं चालली?"

"माझं काय काम आता?"

"उद्या सकाळी डोळ्याच्या दवाखान्यात जायचंय. हे झालं उद्याचं." त्याने लेझर पुन्हा लावून चकती पुढच्या खुणेवर आणली, टेबल आवळलं, ड्रिल लावलं आणि बाजूला झाला. "आजचं हे. बघायचं मी बघतो. हँडल तू ओढ."

इतक्या वर्षांत तिने त्या हँडलला कधी हात लावला नव्हता. पहिल्यांदा ती बिचकली. लोखंडाने अडवलं, तिने जोर लावला, आणि टोक आत शिरतंय ते तिला थेट तळहातात कळलं. कीस वळत वळत बाहेर आला. ड्रिल आरपार गेलं तसं हँडल एकदम हलकं झालं. सावळीरामने नमुना ठेवून पाहिला, मान डोलावली, आणि सवयीने म्हणाला, "चल, चहा टाक आता."

"तुम्हीच टाका," मालनबाई म्हणाली. "माझी अजून दोन भोकं राहिलीत."