पट्टीचा रंग

टिली मांजर वाळूच्या ट्रेमध्ये बसली तसा अर्विडने सूप वाढायचा डाव हळूच तिच्या शेपटीखाली सरकवला. टिलीने मागे वळून असं काही पाहिलं, की म्हाताऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. पण चार थेंब मिळाले.

टिलीच्या साखरेच्या आजारावर डॉक्टरीणबाईंनी तोंडातून द्यायचं पातळ औषध दिलं होतं, दिवसातून एकदाच. अर्विडचे हात थरथरत. सुई टोचणं त्याला या जन्मी जमलं नसतं, म्हणून तो सुटल्यासारखा खूश होता. अट एकच. पहिले पंधरा दिवस लघवीत पट्टी बुडवून बरोबर पंधराव्या सेकंदाला रंग पाहायचा. गुलाबी-जांभळा दिसला तर औषध बंद आणि मांजर तडक दवाखान्यात, नाहीतर जिवावर बेतायचं.

दोन दिवस टिली चापून जेवली, तेव्हा त्याने पट्टीकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं होतं. आज मात्र तिने अर्धी वाटी टाकली. आणि अर्विडला गुलाबी काय, मातकट काय, सगळं एकच दिसे. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण रंगाऱ्यालाही त्याने ते कळू दिलं नव्हतं. ते फक्त बायकोला, मारेनला ठाऊक होतं, आणि ती गेल्या हिवाळ्यात गेली. टिली तिचीच.

इथला, मिनेसोटातला माणूस शेजाऱ्याकडे साधं फावडं मागतानाही दहादा विचार करतो. अर्विडने एकदाही केला नाही. कुंपणापाशी जाऊन त्याने व्हर्नाला हाक मारली. ती पिठाच्या हातांनीच आली. डाव पाहूनही काही बोलली नाही, हे तिचे उपकारच.

त्याने पट्टी बुडवली. व्हर्नाने घड्याळ बघत सेकंद मोजले.

"कोरी आहे," ती म्हणाली. "गुलाबीचा मागमूस नाही."

अर्विडने मग दवाखान्यात फोन केला, तर दुपारी जेवते का बघा, नाही जेवली तर घेऊन या, असं सांगितलं. तोवर टिली स्वतःच वाटीकडे वळली होती. चाटण्याचा आवाज ऐकत त्याने डाव नळाखाली धरला.

"व्हर्ना, मला रंग कळत नाहीत. जन्मापासून. कुणाला सांगितलं नव्हतं."

"माहीत आहे आम्हाला."

"आम्हाला म्हणजे?"

"चर्चमधल्या सगळ्यांना. लग्न होऊन आली त्याच वर्षी मारेनने एकेकीला गाठून बजावलं होतं. त्याच्या कपड्यांना कुणी हसलं, तर माझ्याशी गाठ आहे म्हणून."

अर्विडने चष्मा काढून पुसला. पुसतच राहिला.

"आम्ही एकदाही हसलो नाही बघ," व्हर्ना म्हणाली. "पण ती गेल्यापासून तू जे काही घालून येतोस ना, हसू आवरणं फार जड जातं रे."

"मग हस की," अर्विड म्हणाला.