चौथ्या रकान्यातली हिरवी शाई

हो, मी वहीच बोलतेय. लांबट, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. क्षितिजाने मला उचललं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, इतनी मोटी? क्या लिखोगे?" ती हसली, "सात सौ साल पुराना झगडा!"

झगडा खराच होता. अरबी व्याकरणाचं एक जुनं, चिमुकलं पुस्तक. इतकं आखडून लिहिलेलं, की त्याचा अर्थ सांगायला पुढच्यांनी जाडजूड भाष्यं लिहिली. त्यातल्या तीन भाष्यांची तुलना हा क्षितिजाच्या पीएचडीचा विषय. माझ्या प्रत्येक पानावर तिने तीन भाष्यकारांचे तीन रकाने आखले. चौथा नफीसा आपांचा.

आपा नया नगरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या म्हसळ्याच्या. वडिलांपाशी बसून हे व्याकरण शिकल्या. डिग्री कसलीच नाही. आता डोळे गेलेत. पण क्षितिजाने एक ओळ वाचली की पुढच्या पाच त्या तोंडपाठ म्हणायच्या. चार वर्षं दर मंगळवारी मी त्यांच्या मांडीशेजारी पडून हे ऐकलंय.

त्या पुस्तकांत उदाहरणाला एकच वाक्य सारखं येतं, जैदने अम्रला मारलं. आपा म्हणायच्या, "इतकी वर्षं बिचारा अम्र मार खातोय. त्याने केलं काय होतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही!"

त्यांचा दंडक मात्र कडक. "बोललं कोण, ते आधी लिही. बात बाद में. ज्याच्याकडून ऐकलं, त्याचं नाव घ्यायचं. हे इल्म, ही विद्या, अशीच चालत आलीय, बेटा." म्हणून चौथ्या रकान्यातली प्रत्येक नोंद हिरव्या शाईत 'आपा म्हणतात' अशी सुरू होते. मला त्याचा भारी तोरा होता.

एका मंगळवारी आपा एकदम थांबल्या. "हा दुसरा भाष्यकार पहिल्याशी भांडतच नाहीये. याच्या हाती पहिल्याचं पुस्तक अर्धंच आलं असणार. जे तो बोललाच नाही, त्यावर हा चिडलाय." क्षितिजाने पानं उलटसुलट करून ताडून पाहिलं. तंतोतंत! आनंदाने तिने आपांना मिठीच मारली.

मग जेसल पार्कच्या आपल्या घरी ती मला समोर ठेवून लॅपटॉपवर लिहू लागली. मी डोळे भरून पाहत होते. माझ्या पानावर 'आपा म्हणतात', आणि पडद्यावर 'माझ्या मते'. मला वाटलं, चुकून झालं असेल. पण पुढच्या पानावरही तेच. शेवटपर्यंत तेच.

तिचा नवरा विपुल एकदा म्हणाला, "आपांचं नाव कुठे टाकतेयस?"

"त्यांच्याकडे डिग्री नाही रे. रेफरन्स काय देऊ? या वहीचा?"

चार वर्षं जिच्या उराशी राहिले, तिनेच मला 'या वहीचा' म्हणावं! केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच.

पदवी मिळाली, पुस्तकही निघालं. पुस्तक दाखवायला ती आपांकडे निघाली, तेव्हा विपुलने मला तिच्या पिशवीत टाकलं. "ही तरी त्यांना देऊन ये."

आपांनी पुस्तक हुंगलं. "माझं नाव आलंय?"

"आलंय ना आपा. पहिल्याच पानावर."

"वाच."

आणि ती वाचू लागली. 'माझ्या गुरू नफीसा आपा, ज्यांच्याविना...' आवाज जराही अडखळला नाही. त्या पानावर छापखान्याचा पत्ता होता.

"कुठे आहे? बोट ठेव माझं." तिने आपांचं बोट धरून त्या पत्त्यावर ठेवलं. आपांनी ते, अरबी वाचावं तसं, उजवीकडून डावीकडे हळूच फिरवलं, दोनदा.

"ही प्रत माझी आहे," क्षितिजा घाईने म्हणाली, "तुमची नंतर आणते."

"आण सावकाश. आपली वही तेवढी दे. हात फिरवीन नुसता."

मी पिशवीत तिच्या गुडघ्याला टेकून होते.

"हरवली, आपा." ती रडायला लागली. खरंच रडत होती.

आपांनी चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि थोपटलं. "रडू नको गं. वही गेली तर जाऊ दे. नाव छापलंय ना?"

हल्ली मी जेसल पार्कच्या माळ्यावर असते, जुन्या पडद्यांखाली. तुमच्यापैकी कुणी नया नगरला जाणार असेल, तर आपांना एवढंच सांगा, की वही सापडली आणि तिची हिरवी शाई शाबूत आहे. पुस्तकाचं मात्र काही सांगू नका. ते मलाही सांगवणार नाही.