नावापुढची मोकळी जागा

लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना वेंकोबांनी तिसऱ्यांदा डोळ्यांजवळ नेला. थोरल्या सौम्याचं लग्न. बारापर्यंत छापखान्याला होकार कळवायचा होता. इकडची तमिळ रीतच अशी, की पत्रिकेत नाव पदवीशिवाय एकटं जात नाही. वेंकोबांपुढे एम.एस्सी., सौम्यापुढे एम.टेक., आणि धाकटीपुढे... कीर्तना, बी.ई.

"अप्पा, हे कोणी लिहिलं?" एक चप्पल पायात, एक हातात, कीर्तना दारातच थबकली.

"मीच. दोन वर्षं केलीसच की."

"आणि उरलेली दोन? ती छापखानेवाला करणार?"

स्वयंपाकघरात तिची आई अलकनंदा खुदकन हसली, आणि लगेच भांडी आपटू लागली.

कॉलेज सोडून कीर्तनाला आठ महिने झाले होते. रोज बसने जवळच्या कोवलमला, कोळ्यांच्या किनाऱ्यावर जायचं, होड्यांची इंजिनं उघडायची, ऐकायची, पुन्हा जोडायची. नखांच्या कडेला काळं बसलं होतं, साबणाला न भिणारं.

"खोटं छापलंत तर मी मांडवात उभी राहणार नाही."

"तीस वर्षं तांबरमच्या कॉलेजात शिकवलं मी," वेंकोबा उठले, बसले, पुन्हा उठले. "माझ्याच पोरीचं नाव उघडं पाठवू?"

"उघडं कसं हो?" अलकनंदा आतून म्हणाली. "मांडीवर घेऊन, तुम्हीच कानात सांगून ठेवलेलं नाव ते."

फोन वाजला. छापखानेवाल्याचा होता. वेंकोबांनी घाईत स्पीकरच लावला.

"सार, ओके का?"

वेंकोबांनी लेकीकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती. तिकडे कोवलमला इंजिन उघडं पडलं होतं, होडी वाळूत खोळंबली होती.

"ते... धाकटीचं बी.ई. काढा."

"मग काय घालू?"

"काही नको."

"जागा रिकामी दिसेल, सार. सगळ्यांपुढे काही ना काही आहे. त्यापेक्षा नावच गाळू का?"

"नाव गाळायचं नाही!"

भिंतीवरची पाल पळाली. सौम्या आतल्या खोलीतून धावत आली.

"रिकामी दिसू दे," ते हळू म्हणाले, आणि फोन ठेवला.

कीर्तनाने दुसरी चप्पल पायात सरकवली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर तिला मागून अप्पांची हाक आली.

"कीर्तना! ते इंजिन सुरू झालं की फोन कर गं."