पट्टीतला फरक

सिहोऱ्याच्या तुलारामसारखा कामाला वाघ माणूस आसपासच्या गावांत नव्हता. चिखलणीला तो भाताच्या बांधीत उतरला की बैल दमत, तो दमत नसे. पण सत्त्याहत्तर साली त्याचा थोरला भाऊ टिकाराम शेताच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या गेला. छातीवर हात ठेवला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपला. तेरवीच्या पंगतीत तुलारामच्या हातातला घास गळून पडला. छाती धडधडू लागली, घाम सुटला, बोटांना मुंग्या आल्या.

"माह्यंबी मरन आलं वो," तो बायकोला, धुरपताला म्हणाला. "मले धर."

भंडाऱ्याला एका खासगी दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. डॉक्टरने कागदाची लांब पट्टी उजेडात धरली. "थोडा फरक आहे. जपा," एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली. फरक म्हणजे काय, जपायचं कशापासून आणि कुठवर, हे त्याने सांगितलं नाही आणि यांना विचारायचा धीर झाला नाही. तुलाराम घरी आला तो खाटेवरच पडला. बांधी सुटली, नांगर सुटला. जिना नको, ऊन नको, कुणी मोठ्याने बोलायला नको. जरा उठून बसला की धडधड, आणि धडधडलं की पुन्हा आडवा.

धुरपताने हट्ट धरून त्याला नागपूरला नेलं. तिथला डॉक्टर वयस्क होता, सावकाश बोलणारा. त्याने नवी पट्टी काढली आणि दोघांनाही समोर बसवलं.

"हृदयात एक वीज फिरते, तिच्या जोरावर ठोके पडतात. तुमच्या उजव्या बाजूला ती जरा वळसा घेऊन पोचते. पोचते मात्र नक्की. अशी पुष्कळ माणसं असतात, ती नांगर हाकतात आणि म्हातारी होऊन मरतात. हा रोग नाही. पण तुमची भीतीही खोटी नाही. ती धडधड, तो घाम, सगळं खरं आहे. तो वेगळा आजार आहे, आणि त्याच्यावर औषध आहे."

धुरपताला सगळं उमगलं. नाली लांबून आली तर बांधीत पाणी उशिरा पोचतं, पण पोचतं, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. तुलारामला मात्र त्या सगळ्यातून 'वळसा' आणि 'मरतात' एवढेच शब्द ऐकू आले.

"पागल समजून राहिला मले तो डागदर," एसटीत बसल्यावर तो म्हणाला. वाटेत नदीचा पूल लागला तशी त्याने औषधाची पुडी खिडकीतून फेकून दिली.

"अवो, हे काय केलं जी? त्यानं किती समजावून सांगितलं!"

"तुले का समजते? पट्टी माही वाकडी निघाली, तुही नाई."

त्यानंतर घर त्याच्या खाटेभोवती फिरू लागलं. भाताचा रोवणा, निंदण, कापणी, मळणी, सगळं धुरपताच्या अंगावर आलं. पोरगी ललिता सातवीत होती, तिची शाळा सुटली. वडिलांच्या उशाशी कुणीतरी लागायचं ना. तिचं लग्न झालं तेव्हा तुलाराम ओसरीत पडून होता आणि वाजंत्री लांब, शाळेच्या पलीकडे वाजवावी लागली. एकदा धुरपता चिडून म्हणाली, "डॉक्टरनं उठा म्हणलं होतं, उठून तं पाहा." ते शेजारणीच्या कानी गेलं. मग गावभर झालं, की धुरपतेले नवरा नांगराखाली मारायचा आहे. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं.

धाप तिला कधी लागू लागली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आधी डोक्यावर भारा असताना, मग रित्या हातानेही. लहानपणी तापात तिचे सांधे धरले होते, ते दुखणं ती कधीच विसरून गेली होती. एकदा तिने नवऱ्याला सांगितलं, "उताणं निजलं का श्वास कोंडते जी."

"तुले थकवा आहे," तुलाराम म्हणाला. "मले मरन आहे."

चौऱ्याऐंशी साली त्याला पुन्हा पट्टी काढायची होती. फरक वाढला असणार, अशी त्याची खात्री होती. नागपूरचा डॉक्टर तोच, आता केस पांढरे झालेला. दवाखाना वरच्या मजल्यावर. तुलाराम मध्ये थांबत, कठडा धरत चढला. मागून पिशवी घेऊन धुरपता चढली आणि वर पोचताच भिंतीला टेकून खाली बसली. ओठ निळसर पडले होते.

डॉक्टरने तुलारामची पट्टी पाहिली. "होती तशीच आहे. रेघेचाही बदल नाही," म्हणाला. मग त्याला बाहेर बसवून त्याने धुरपताला आत ठेवून घेतलं. बराच वेळ नळी लावून ऐकलं, तिचीही पट्टी काढली, छातीचा फोटो काढला.

"बाई, तुमच्या हृदयाची झडप आकसली आहे. लहानपणी तापात सांधे धरले असतील, तेव्हापासूनचं दुखणं आहे हे. तुम्हाला इतकं काम करायला कुणी सांगितलं?"

धुरपताने बंद दाराकडे पाहिलं.

"यांना घेऊन पहिल्यांदा आलात, तेव्हाच तपासायला हवं होतं मी," डॉक्टर हळूच म्हणाला. "तेव्हा ऑपरेशन सोपं होतं. आता छातीला ते झेपेल असं वाटत नाही. गोळ्या घ्या आणि काम बंद करा."

बाहेर तुलारामचा चेहरा राखेसारखा झाला होता. "इतका वेळ काय सांगत होता? लपवू नोको. किती दिवस म्हणला माहे?"

"तुमचं नाई. माह्यं सांगून राहिला होता. माह्या दिलाची झडप खराब आहे म्हणे."

तुलारामच्या तोंडावरचा ताण तिच्या डोळ्यांदेखत उतरला. त्याने लांब श्वास सोडला. इतक्या वर्षांत तिने त्याला असा मोकळा श्वास घेताना पाहिलं नव्हतं. मग त्याच्या कपाळावर आठी आली.

"मंग यंदा रोवना कोन करल?"

दुसऱ्या दिवशी धुरपताने दोन लुगडी बांधली आणि आंबागडची गाडी धरली. तिथे तिचा धाकटा भाऊ श्रावण राहत होता. त्याने बहिणीच्या हातातलं गाठोडं घेतलं.

महिन्याभराने सिहोऱ्याकडून आलेल्या माणसाने सांगितलं, तुलाराम स्वतः भात रांधतो, बोडीच्या तळ्यावरून पाणी आणतो, बांधीतही उतरला. पऱ्हे, रोवायची रोपं, सडायला लागली तेव्हा कोण काय करणार? ऐकून श्रावण हसला. धुरपता हसली नाही. सारखं एकच येत होतं मनात: म्हणजे उठता येत होतं.

एक दिवस तुलारामच दारात उभा राहिला. बस फाट्यावरच बिघडली म्हणून उन्हातून चालत आला होता. घामाने निथळत होता, पण तोंडावर लहान पोरासारखं नवल होतं.

"चालत आलो वो. चढ चढून. काईच झालं नाई मले!"

"मले मायीत होतं," धुरपता म्हणाली.

"चाल आता घरी. मी करतो काम. तू बसून राय."

तो खरंच बोलत होता, हे तिला दिसत होतं. भीती खरी होती हेही तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याची कीवही आली. पण उठून त्याच्याबरोबर जावं असं पायांना वाटेना.

"बसाले जागा आहे मले इथं," ती म्हणाली. "तुमी जा. संध्याकाळची गाडी चुकन."

तो थोडा वेळ उंबऱ्याशी घुटमळला, पाणी प्याला आणि गेला. सिहोऱ्यात बाया बोलू लागल्या, बिमार नवरा टाकून माहेरी जाऊन बसली. आंबागडपर्यंत आलं ते बोलणं. धुरपताने ऐकून घेतलं. उत्तर द्यायला दम लागतो, आणि तिच्याजवळ तो थोडाच उरला होता.