भरलेली छागल

अड्याळची माणसे बाहेरगावी जात ती लग्नाला, मयतीला, कोर्टाला किंवा दवाखान्याला. फार तर तीर्थाला. त्यामुळे हायस्कूलचे विज्ञान शिक्षक आनंदराव दिवाळीच्या सुट्टीत बायकोमुलांसह पुरीला निघाले आहेत हे कळताच शेजारच्या किराणा दुकानदाराने, भोजराजने, त्याला सुचणारा एकमेव अर्थ लावला.

"गुरुजी, बौद्ध होऊन जगन्नाथाले चालले का जी?" गुळाची भेली फोडता फोडता त्याने विचारले.

"देवाले नाही. समुद्राले."

"समुद्राले काय काम हाय?"

"पाहाचा हाय."

"पाहाचा!" भोजराजचा हात थांबला. "अन् पाहून?"

"वापस याचं."

"म्हंजे कामच नाही काही," असा निष्कर्ष काढून भोजराज पुन्हा गुळाकडे वळला.

आनंदरावांना हे वर्णन अचूक वाटले. काम नसलेला प्रवास, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यांची मुलगी उत्पला सात वर्षांची होती आणि तिने आजवर केलेला प्रत्येक लांबचा प्रवास दवाखान्यापाशी संपला होता.

तिची बोटे आणि गुडघे प्रथम सुजले तेव्हा आनंदरावांच्या आईने, रंभाबाईने, त्याला वात म्हटले. करडी गावाहून कोणीतरी मंतरलेला दोरा आणून मुलीच्या पायाला बांधला. आनंदरावांनी तो कात्रीने कापला आणि मुलीला नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून आजाराचे नाव सांगितले : सिकल सेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य दुखते. औषधाने बरे होणारे हे दुखणे नाही. थंडीपासून जपा, दमू देऊ नका, पाणी भरपूर पाजा. आयुष्याविषयी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "काळजी घेतली तर..." हे वाक्य त्यांनी पुरे केले नाही, हे आनंदरावांच्या लक्षात राहिले.

"रगतात इळा कोनं टाकला वं माय?" रंभाबाईने घरी हाच एक प्रश्न पुन्हा पुन्हा केला.

"कोनं टाकला नाही. अर्धा मी देल्ला, अर्धा शकुननं," आनंदराव म्हणाले. आनुवंशिकतेच्या दृष्टीने ते बरोबर होते. त्यांची पत्नी शकुन हे ऐकून चुलीपुढून उठली आणि बराच वेळ अंगणात उभी राहिली.

पुढच्या एका तपासणीनंतर रंभाबाईसह नागपूरहून परतताना बसमध्ये एका मुलाने लघवीसाठी दोनदा गाडी थांबवायला लावली. कंडक्टर वैतागला, प्रवासी हसले. उत्पला मात्र खिडकीशी अगदी स्वस्थ बसून होती. रंभाबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "माही नातीन पाहा. निंगाच्या आधीच मी तिचं पानी बंद केलं होतं. बाईच्या जातीनं गाडीत बसाचं त असंच बसा लागते."

आनंदराव औषधांची नावे वाचत होते. मान वर न करता ते म्हणाले, "शहाणी आहे उत्पला."

समुद्राची गोष्ट भूगोलाच्या पुस्तकातून निघाली. उत्पलाला मातीच्या पाळीने अडवलेले तलाव माहीत होते. भंडारा जिल्ह्यात राहून ते माहीत नसणे अशक्यच होते. तिने विचारले, "बाबा, समुद्राची पाळ कोनं बांधली?"

"समुद्राला पाळ नसते."

"मंग पानी वाहून नाही जात?"

"जाणार कुठे? सगळ्यात खाली तोच आहे."

तिला हे उत्तर फारसे पटले नाही. पाळ नसलेले पाणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ती ते मान्य करणार नव्हती, आणि ही भूमिका आनंदरावांना शास्त्रीय वाटली. समुद्र दाखवायचे त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवले. डॉक्टरांचे अपुरे वाक्यही या निर्णयात होते, पण त्याचा उच्चार त्यांनी शकुनपाशी केला नाही. तिलाही तो ऐकायचा नव्हता.

"मले भेव लागते," एवढेच ती म्हणाली. "मांगच्या उन्हाळ्यात भाऊच्या लग्नाले निंगालो, अन् दारातूनच वापस आलो."

ते खरे होते. मामाच्या लग्नाला निघताना उत्पलाचे पाय दुखू लागले आणि सगळे घर थांबले. चार वर्षांचा सुमेध, तिचा भाऊ, दिवसभर एकच म्हणत होता, "तुह्यामुळे मले घोडा नाही पाहाले भेटला." त्यानंतर काही दुखले तर उत्पला आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहू लागली.

आनंदरावांनी सहलीची आखणी एखाद्या प्रयोगासारखी केली. ऑक्टोबरअखेर निवडली, कारण तेव्हा थंडी पडलेली नसते. भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनाहून गाडी, बिलासपूरला बदल, उत्पलासाठी खालची बाक. समुद्रात घोट्यापर्यंतच जायचे, तेही दुपारी, पाणी कोमट असताना. अंगात लोकरी बंडी, पायात मोजे. पाण्याचा विचार त्यांनी सर्वांत बारकाईने केला. बाहेरचे पाणी चालणार नव्हते, म्हणून ते घरी उकळून, गाळून, कॅनव्हासच्या दोन छागलींमध्ये भरायचे ठरले. त्यातली मोठी छागल फक्त उत्पलाची. कॅनव्हासमधून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितले. फार गार होऊ नये म्हणून तिच्या छागलीला पंचा गुंडाळला.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवी तपासताना त्यांना कपड्यांच्या तळाशी एक लिंबू आणि काळा दोरा सापडला. त्यांनी दोन्ही वस्तू आईपुढे ठेवल्या.

"माय, हे काय होय?"

"लिंबू होय. दिसत नाही का तुले?" रंभाबाई म्हणाली. "तिकडं पानी लागलं त पिळून देजो."

"अन् दोरा?"

"त्यानं लिंबू बांधजो."

शकुनला हसू आले, उत्पलाला तर आवरेना. आनंदरावही किंचित हसले; लिंबू त्यांनी स्वयंपाकघरात ठेवले आणि दोरा चुलीत टाकला. घरात शिरणारी अंधश्रद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्या रात्रीच्या जेवणात उत्पलाने पाण्याचा पेला आईच्या पेल्याजवळ सरकवून ठेवला. दोन्ही पेले भरलेले राहिले. त्यात नजरेत भरण्यासारखे काहीच नव्हते.

वरठीला ते दुपारी पोहोचले. भंडाऱ्यापर्यंतची बस भरगच्च होती, ऊन कडक होते, आणि गाडी उशिरा येणार होती. फलाटावरच्या कडुलिंबाखाली शकुन ट्रंकेवर बसली. सुमेध पाणी प्यायला, लघवीला आडोशाला जाऊन आला, पुन्हा पाणी प्यायला. आनंदरावांनी मोठ्या छागलीतून पेला भरून उत्पलाला दिला. ती पेला घेऊन झाडामागे गेली आणि रिकामा परत घेऊन आली.

"पेली?"

"हो बाबा."

पुढचा पेलाही तसाच रिकामा झाला. मग सुमेध धावत आला. "बाबा, हे पानी झाडाले देते!"

"चूप रे!" उत्पला म्हणाली, पण तिचा आवाज कोरडा होता.

आनंदरावांनी तिचा चेहरा वर केला. ओठांना साली आल्या होत्या. हात गुडघ्यांवर घट्ट होते, आणि ते तिथे का आहेत हे त्यांना विचारावे लागले नाही.

"केव्हापासून दुखते?"

"नाही दुखत."

"उत्पला."

"थोडंसंच. बसमधून उतरली तवापासून."

"अन् पाणी केव्हापासून नाही पेलं?"

तिने आईकडे पाहिले. "काल दुपारपासून. आजी म्हने, गाडीत बसाचं त आधीच पानी बंद करा लागते. मी शूले थांबवलं असतं त गाडी सुटली असती. मंग पुन्हा माह्यामुळे..." तिने सुमेधकडे नजर टाकली. "तुमीच म्हनले होते नं, शहाणी आहे म्हनून."

आनंदराव शकुनकडे वळले. "तुले माहीत नव्हतं?"

"मीबी कालपासून नाही पेलं," शकुन खालच्या आवाजात म्हणाली. "कोनं विचारलं का? आमी नेहमीच असं करतो. तुमी त कुठंबी उभे रायता."

"रेल्वेत संडास असतो, शकुन."

"त्या गर्दीत तिथवर जाऊन दाखवा लुगडं नेसून."

त्यांनी पेला भरून उत्पलाच्या ओठांशी धरला. आता ती प्यायली. एकामागून एक, सांगितले तितके. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. सुमेध टाळ्या वाजवत ओरडू लागला. उत्पला झाडाला धरून उभी राहिली.

"पाहा बाबा, चालता येते मले."

ती दोन पावले चालली आणि तिसऱ्या पावलाला खाली बसली. मग तिने जे ओरडणे बसमधून उतरल्यापासून आत दाबून धरले होते ते बाहेर आले. डब्यातल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. कोणीतरी म्हणाले, "चढा जी लवकर, सुटून राहिली." आनंदरावांनी मुलीला उचलले. दार अगदी समोर होते. गाडी हलली, वेग घेत बिलासपूरच्या दिशेने गेली, आणि रूळ रिकामे झाले.

एका ट्रकवाल्याने त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचवले. रात्रभर उत्पला कमरेच्या हाडात दुखते म्हणत होती. पहाटे इंजेक्शनचा गुण आला आणि ती दांडीला टांगलेल्या बाटलीकडे पाहू लागली.

"त्यात काय हाय?"

"मिठाचं पाणी."

"समुद्रासारखं?"

"समुद्र याहून जवळजवळ चौपट खारट असतो," आनंदराव म्हणाले.

"मंग अशा चार बाटल्या लागतीन," ती म्हणाली आणि डोळे मिटले. गणित चुकीचे होते. त्यांनी ते दुरुस्त केले नाही.

सकाळच्या बसने रंभाबाई आली. तिने सारे ऐकले आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसली.

"मी शिकोलं तिले," ती म्हणाली. "माह्या मायनं मले शिकोलं. आमी बायांनी जनमभर तसंच केलं, बाबू. कोनाले काही झालं नाही."

"झालं असन, माय. आमी विचारलं नसन."

दोरा त्यांनी कापला होता, लिंबू काढून ठेवले होते. पाणी बंद करणे ही मात्र अंधश्रद्धा नव्हती, अडचणीवर बायकांनी शोधलेला उपाय होता. अशा वस्तूसाठी त्यांनी पिशवी तपासली नव्हती. ती पिशवीत नव्हतीच.

उत्पला बरी झाली असे म्हणण्याची पद्धत आहे. ती घरी आली, पण उजव्या पायाने लंगडत. कमरेच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटला होता, नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि लांबचा प्रवास सध्या नको. 'सध्या' म्हणजे किती हे आनंदरावांनी या वेळी विचारले नाही. समुद्राचा विषय घरात कोणी काढला नाही. भोजराजने एकदा दुकानातून हाक मारली, "गुरुजी, पाहून आले का जी?" आणि उत्पलाला लंगडत येताना पाहून तो घाईने वजनकाट्याकडे वळला.

मोठी छागल आता दाराच्या खुंटीवर टांगलेली असे, नेहमी भरलेली. तिच्यातून थेंब थेंब गळून खालच्या फरशीवर डाग पडला होता. दिवसातून कितीदा तरी आनंदराव पेला भरून देत आणि समोर उभे राहत. उत्पला दोन्ही हातांनी पेला धरून पिई. पिताना तिची नजर वडिलांच्या चेहऱ्यावर असे, आणि ते पुरे म्हणेपर्यंत ती थांबत नसे.